जोडप्यांसाठी सोय नाही

प्रिय घोक्या,

दोन दिवस कानात एकच आवाज घुमतोय. आपले मराठीचे मास्तर लाकडी डस्टर टेबलावर आपटून ठेका धरायचे, ठक ठक ठकाठक, आणि त्यावर आपण चाळीस पोरं पाखरांच्या जोडीची कविता गायचो. एक पाखरू वाटेत हरवतं, दुसरं फांदीवर बसून राहतं. त्या ओळीला मी कवड्यासारखा घुमत रडायचो, म्हणून तू माझं नाव 'कवडा' पाडलंस. तुला सगळी कविता बिनचूक पाठ. अर्थ विचारला की मात्र खिडकीबाहेर बघायचास! आजही तेच. सेवा क्लबचा अध्यक्ष झालास, बेघरांवरचं भाषण न अडखळता म्हटलंस, आणि डोक्यात काडीइतकं शिरलं नाही.

रागावू नकोस, असं मी लिहिणार नाही. खुशाल रागाव. मीही रागातच लिहितोय.

तो धारवाला तुला आठवतो का? सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा म्हातारा आणि त्याची दृष्टी गेलेली बायको. बंद छापखान्याच्या पायरीवर अकरा वर्षं राहिली दोघं. आपण निवारा उघडला तेव्हा तू त्यांच्या मध्ये उभा राहून फोटो काढून घेतलास. संध्याकाळी क्लबची गाडी आली आणि त्याला गोदामातल्या पुरुषांच्या हॉलवर, तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला बायकांच्या हॉलवर सोडून आली. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, तिला पाण्याचा पेलासुद्धा मीच हातात देतो. खाट नको, कोपरा द्या. पण एकच द्या." तू म्हणालास, नियम म्हणजे नियम. जोडप्यांसाठी वेगळी सोय नाही, हा ठराव तू मांडला होतास. अनुमोदन माझं. खरं सांगू? चहा निवत होता, म्हणून मी हात वर केला.

तिसऱ्या संध्याकाळी तो बायकांच्या हॉलच्या भिंतीला टेकून बसला आणि बाहेरून तिला दिवसभराची हकिकत सांगू लागला. कुणाची कात्री बोथट होती, कोणी भाव करताना डोकं खाल्लं. वॉचमनने तक्रार केली. तुझा मला फोन आला, "कवड्या, रजिस्टरात लिही, वर्तन अयोग्य, नाव कमी." आणि ज्या अक्षराला शाळेत बक्षिसं मिळाली, त्याच अक्षरात मी ते लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली, पट्टी धरून! त्याची खाट गेली, भिंतीपासूनही त्याला हुसकलं. तेव्हापासून चार दिवस त्याचा पत्ता नाही.

काल तिला भेटायला गेलो. भिंतीकडे तोंड करून बसली होती. ताट तसंच. माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाली, "हे नाहीत." विचारलं नाही रे, नुसतं सांगितलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "आजीचे नखरेच फार. फुकट मिळतंय तरी गोड लागत नाही."  त्यांना कुठल्या तोंडाने रागावणार? रजिस्टरातली रेघ माझीच.

घोक्या, माझी ही गेली त्या दिवशी तू माझ्याबरोबर होतास. बायकांचा वॉर्ड, भेटीची वेळ संपलेली, आपण दोघं फाटकाबाहेरच्या बाकावर. आत ती मला हाका मारत होती, हे नर्सने मागाहून सांगितलं. त्या फाटकवाल्याला तू काय काय शिव्या हासडल्या होत्यास! सहा वर्षं मी त्या शिव्यांच्या आधारावर तुला माणूस समजत आलो. तोच तू दुसऱ्याच्या बायकोला फाटक लावतोस? आणि कडी घालायला मी?

म्हणून हे पत्र. हॉलमधून एक म्हातारी नाहीशी झाली, असा फोन तुला एव्हाना आला असेल. ती नाहीशी झालेली नाही. आज सकाळी मी तिला माझ्या घरी आणलंय. शोधायचंच असेल तर तिच्या नवऱ्याला शोध. गाडी पाठव, फोटोला येतात ते सगळे सभासद पाठव. आणि रविवारच्या सभेत तो नियम काढून टाक. नाही काढलास तर मी उभा राहून सगळं बोलेन, त्या फाटकाची गोष्टसुद्धा बोलेन, आणि तुझ्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. साठ वर्षांची दोस्ती आहे, हे ठाऊक असूनच लिहितोय.

अजून तरी तुझाच,
कवडा

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात बेल वाजली. वाटलं, तूच तणतणत आलास. दार उघडलं तर वहिनी! एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने धारवाल्याला धरलेलं. परवा त्यांना तो रस्त्यात तापाने फणफणलेला सापडला म्हणे. दोन दिवस तुझ्याच गॅरेजमध्ये होता. आज त्याला घेऊन त्या हॉलवर गेल्या, तिथे म्हातारी नाहीशी झाल्याचं आणि काल मी भेटून गेल्याचं कळलं, तेव्हा ती माझ्याकडेच असणार हे त्यांनी ओळखलं. तो आत गेलाय. मी तिकडे बघत नाही. वहिनी मात्र अजून उंबऱ्यातच उभ्या आहेत. म्हणतात, "भावजी, पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा. आजींची खाट रिकामी झालीय ना, तो नियम रद्द होईपर्यंत मी तिथे झोपणार आहे. आणि ह्यांना लिहा, भेटायला आलात तर भिंतीबाहेर बसावं लागेल."