तांबडीची लेक

माय, परवा आमच्या घरासमोरून एक वरात गेली. पांढरा, उंच घोडा होता, अंगावर लाल मखमलीची झूल. बाया गच्चीवरून पाहत होत्या आणि मी फाटकाशी उभी राहून घोडेवाल्याला विचारलं, "याची माय कुठली होती?" घोडा कुठून आणला ते त्याला ठाऊक होतं, त्याचा बाप कसा नावाजलेला होता तेही त्यानं सांगितलं. मायचं मात्र त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. वरात पुढे गेली, मी घरात आले, आणि मग आठवलं की हे विचारणं तुझं होतं. बाजारात, जत्रेत, कुणाच्या दारात शिंगरू दिसलं की तू पदर सावरत तिथं थांबायचीस आणि तेवढंच विचारायचीस. बाबांना लाज वाटायची. ते चार पावलं पुढे जाऊन उभे राहायचे.

बाबांचा धंदा तट्टांवर चालायचा. करडीच्या बाजारातून मीठ, मिरची, हळद, तंबाखू गोण्यांत भरायची, खोगिराच्या दोन्ही बाजूंना लादायची आणि जंगलाकडच्या गावांतल्या बाजारांना जायचं. पावसाळ्यात त्या वाटांवर बैलगाडी रुतायची, पण आपली तट्टं जायची. त्यांतली तांबडी तुझी. तुझं लग्न झालं तेव्हा साकोलीकडच्या तुझ्या वडिलांनी तुला ती आंदणात दिली होती. तेव्हा ती दूध सुटलेलं शिंगरू होती आणि तुझ्या गाडीमागे बांधून आली होती. आजोबांच्या घरची रीतच तशी होती. नर विकायचे, घोड्या घरात ठेवायच्या. घोडी बाहेर जाणार ती लेकीसोबतच. ती जात दिसायला काही खास नव्हती. बुटकी, पोट सुटलेली, मान आखूड. पण खूर दगडासारखे, आणि पाण्यातून उतरताना आधी पाय टाकून पाहणार, मग अंगाचा भार देणार. तू म्हणायचीस, हे शिंगराला कोणी शिकवत नाही. पहिलं वर्ष ते मायच्या बाजूनं मोकळं चालतं, ती थांबली की थांबतं, ती घाबरली तर घाबरतं. मायच भित्री असेल तर बाप कितीही मोठा आणा, वाटेत वाघराचा वास आला की ते ओझ्यासकट पळणारच.

म्हणून तांबडीला घोडा दाखवायची वेळ आली की तू स्वतः तिच्याबरोबर जायचीस. आजीला, तुझ्या सासूला, ते मुळीच खपत नसे. एकदा तू घोडीचा कासरा धरून निघालीस तेव्हा आजी दारात आडवी झाली. "बाईमानसानं अशा कामाले उभं राह्याचं नसते. लोकं काय म्हनतीन?" तू म्हणालीस, "मंग तिच्यासंग कोन राहीन, आत्याबाई? ती भेते ना." आणि तू गेलीस. त्या खेपेला बाबांच्या मनात एका बँडवाल्याचा उंच पांढरा घोडा होता. नर झाला तर वरातीसाठी हातोहात जाईल असा त्यांचा हिशोब. तू तो घोडा पाहून परत आलीस. "चांगला हाय," म्हणालीस, "पन त्याचे पाय सडकेचे हायेत. आपली घोडी चिखलातली." आणि नदीकाठच्या एका शेतकऱ्याचा काळसर, ठेंगणा घोडा तू पसंत केलास. बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत.

तांबडी व्यायली ती सकाळ मला अजून दिसते. त्या वर्षी मी मॅट्रिकला नापास होऊन घरी बसलेली. रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. सगळं गाव धानाच्या बांधीत वाकलेलं आणि तू घरी थांबलेली म्हणून आजी धुसफुसत गेलेली. तांबडी गोठ्यात फिरते आहे, उठते, बसते, स्वतःच्या कुशीकडे वळून पाहते. तू बांबूच्या तट्टीमागे बसली आहेस आणि मला जवळ ओढून म्हणतेस, "बोलू नको. ती आपल्याले पाहीन तं थांबून जाईन." आपण दोघी किती वेळ तशा बसलो कोण जाणे. मग ओल्या गवतावर ते काळपट, चकचकीत काहीतरी पडलं आणि हललं. तू लगेच धावली नाहीस. घोडीनं त्याला चाटून काढलं, ते लटपटत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, कासेला तोंड लावलं, तेव्हा कुठे तू उठलीस. शेपटी वर करून पाहिलंस आणि तुझा चेहरा असा काही फुलला की मी तुला तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा बाजारातून आले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "लेक झाली," तू म्हणालीस. त्यांनी पाय धुतले. तू मात्र घरोघरी गूळ वाटत फिरलीस. मी तुला विचारलं, "माय, घोडीले पिल्लू झालं तं गूळ कायले वाटून राहिली?" तू परात डोक्यावरून उतरवलीस आणि अगदी सहज म्हणालीस, "तुमी तिघी झाल्या तवा कोनी वाटला नाही. थो वाटाचा राहिला होता." मग पुढच्या घराकडे वळलीस. मला वाटतं, आपल्या घरात आम्हा तिघी बहिणींबद्दल तू एवढंच काय ते बोललीस.

त्या शिंगराला तू माझ्याहून जास्त जपलंस असं मी चिडून म्हणायची. रोवणं संपलं, धान निघालं, बांधीत लाखोळीच्या डाळीचं पीक उभं राहिलं, तरी त्याच्या भुशाचं कुटार तू शिंगराच्या तोंडाला लागू दिलं नाहीस. लाखोळी खाऊन घोड्यांचे मागचे पाय जातात, हे तू तुझ्या माहेरी पाहिलं होतं. स्वतः कोरडी भाकर खायचीस, पण तिच्यासाठी मूठभर चणे भिजत घातलेले असायचे.

मग डांबरी सडक आली. बस सुरू झाली, आणि ज्या गावांना बाबा दोन दिवसांत पोचायचे तिथली माणसं स्वतःच भंडाऱ्याला जाऊन मीठ-मिरची घेऊन यायला लागली. बाबांनी गावातच दुकान टाकलं. तट्टं एकेक करून विकली गेली. तांबडी म्हातारी होऊन गोठ्यातच गेली. तिला बोडीच्या पाण्याच्या वरच्या बाजूला पुरलं, तेव्हा तू माती लोटायला स्वतः हात लावलास. राहिली ती तिची लेक. त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला, राहायला क्वार्टर. घरचे सगळे खूश होते. बैठकीत देण्याघेण्याचं बोलणं चाललं होतं आणि तू आतल्या दारातून म्हणालीस, "पोरीसंग घोडी द्याची हाय आमाले." क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग माझे सासरे हसले, वाईट नव्हते हसले, आपुलकीनंच म्हणाले, "अवं बाई, क्वार्टरमंदी घोडी कुठं बांधाची? तिथं तं बकरीबी ठेवू देत नाहीत." सगळे हसले. बाबाही हसले. तू चहाचे कप उचललेस आणि आत गेलीस. मी चुलीपाशी बसले होते. तू कप विसळत राहिलीस, विसळलेलेच परत विसळलेस, आणि म्हणालीस, "बरोबर हाय त्यायचं."

विटाभट्टीवाला आला तो त्यानंतर. त्याला ओझ्याला तट्टं हवी होती. बाबांनी होकार दिला आणि तो दोन दिवसांनी नेईन म्हणून गेला. भट्टीवरची तट्टं तू पाहिली होतीस. पाठीवर उघड्या जखमा, त्यांवर माश्या, घोडी गाभण असली तरी लादणं चालूच. तू बाबांना म्हणालीस, "घोडी माहेरची हाय. तुमी देनार नाही." ते म्हणाले, "मंग ठेवून काय करतं तू? पूजा?" दुसऱ्या दिवशी सकाळी तू घोडी सोडलीस आणि मला म्हणालीस, "चाल."

आपण जंगलाकडच्या वाटेनं चाललो. कुठे जायचं हे तू मला सांगितलं नव्हतंस. मोहाच्या झाडांखालून, कोरड्या नाल्यातून, घोडी मधे आणि आपण दोघी दोन बाजूंना. दुपारी एका गावात पोचलो. तिथं एक बांगड्यावाली राहायची, नवरा गेलेली, दोन लेकी पदरात. सडक न पोचलेल्या पाड्यांवर ती अजून टोपलं डोक्यावर घेऊन पायी हिंडायची. तू कासरा तिच्या हातात दिलास. ती घाबरली. म्हणाली, "माह्यापाशी द्याले काही नाही, बाई." तू म्हणालीस, "मी मांगून कुठं राहिली? नर झाले तं इक. घोडी इकू नको. तुले दोन लेकी हायेत म्हनून आली मी तुह्याकडे." बाईनं घोडीच्या मानेवर हात ठेवला. मग तिनं आपल्या दोघींना बसवून हातात बांगड्या भरल्या. तुझ्या हिरव्या, माझ्याही हिरव्या.

परतताना तू नाल्यापाशी एका खडकावर बसलीस. मला वाटलं, थकलीस. तू रडत होतीस, आवाज न करता. तू म्हणालीस, "मी नवी होती तवा या गावात मले कोनी ओळखत नव्हतं. तांबडी मले वासानं ओळखे. तिच्या लेकीले मी आज अनोळखी दारात बांधून आली." मग डोळे पुसलेस आणि उठलीस. घरी बाबा ओरडले. तू ऐकून घेतलंस आणि भात टाकलास.

माझ्या लग्नानंतर तू फार जगली नाहीस. कावीळ झाली, गावात झाडपाला झाला, मग भंडाऱ्याचा दवाखाना. मी पोटुशी होते म्हणून मला तुझ्याजवळ थांबू देत नव्हते. शेवटच्या भेटीत तुझे डोळे पिवळेजर्द होते आणि तू मला, "पायाची सूज उतरली का?" एवढंच विचारलंस.

तुझ्या तेरवीला बांगड्यावाली आली. पायी आली होती, पायांवर धूळ, आणि घरात मंडळी पाहून दारातच थबकली. तिला तू गेल्याचं ठाऊक नव्हतं. ती तुला सांगायला आली होती की घोडी व्यायली, आणि लेक झाली. तुझ्यासाठी तिनं पदराला गुळाचा खडा बांधून आणला होता. मी तो घेतला. ती ओसरीवर बसून रडली, परकी बाई, आणि आजीनं, हो आजीनंच, तिला आत नेऊन जेवू घातलं. पुढे माझी लेक तीन-चार वर्षांची झाल्यावर मी एकदा बसनं त्या गावाला गेले. सडक तिथंही पोचली होती. बांगड्यावाली म्हातारी दिसू लागली होती. तिनं सांगितलं की घोडी गेली, पण तिची लेक आपल्या थोरल्या मुलीसोबत सासरी पाठवली, दूर, नदीपार, डोंगरातल्या गावात. त्यापुढचं मला माहीत नाही. कोणाला विचारावं तेही ठाऊक नाही.

हे सगळं मी एका बैठकीत लिहिलं. टपालात टाकायचं नाही, तुझा पत्ता नाही. पण एक गोष्ट आजवर बहिणींनाही सांगितली नाही. माझ्या लग्नातला तुझा एकच फोटो आहे, त्यात तू खाली पाहते आहेस, आणि तो समोर ठेवल्याशिवाय मला आता तुझा चेहरा आठवत नाही. तांबडीचा आठवतो, माय. डोळे मिटले की लगेच.