पात्यातला बाक

३ नोव्हेंबर

आजही वाकडी! सात सुऱ्यांना पाणी पाजलं, सातही पात्यांत बाक. बरोबर मधोमध, बोटभर जागेत. (तापलेलं पातं बुडवतो त्याले पाणी म्हणतो आमी, हाये ते तेलच.) लोखंड तेच, जुन्या ट्रकच्या पाट्याचं. भट्टी तीच. बदलला तो हात — दसऱ्यापासून पाणी माही पोरगी हर्षाली पाजते. पोट्टी पातं तेलात तिरपं सोडत असन, दुसरं काय?

बाक पाहाची आमच्या घरची रीत एकच. डावा डोळा मिटाचा, पातं उजव्या डोळ्याशी धराचं अन् आभाळाच्या उजेडात टोकापर्यंत नजर सोडाची. माह्या बापानं मले पस्तिसाव्या वर्षापर्यंत पाहू दिलं नाही. ठोकणं तुहं, पाहणं माहं, म्हणे. मीही हर्षालीले अजून पाहू देत नाही.

खरं लिहू? राग आला, पण पाहाले गोडही वाटलं. पात्याच्या मधात ओढा वळण घेते तसं दिसते. धार चालता चालता हळूच लवते, मंग पुढं जाते. किती वेळ पाहत बसलो कोण जाणे, चहा गार झाला.

५ नोव्हेंबर

दिवसभर पाती सरळ केली. हलका ताव दिला की लोखंड कडब्याच्या रंगावर येते, तेवढ्यात लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकाचं. त्या रंगात लोखंड ऐकते. थंडं झाल्यावर मारलं तर तुटलंच समजा.

सडकेवरून कापसाच्या बंड्या आदिलाबादकडं जाऊन राह्यल्या. एक बोंड-भर कापूस दारातून आत आला, भट्टीवरच्या गरम हवेत वर वर चढला, पत्र्याखाली फिरत राह्यला. हात तसाच थांबला माहा. जग केवढं हलकं हाये, वाटलं!

हर्षालीनं एक पातं उचललं अन् म्हणाली, बाबा, हे सरळच होतं. मी म्हणलं, महिन्याभराची लोहारीण मले शिकवते काय? तिनं पातं खाली ठेवलं.

८ नोव्हेंबर

स्वप्नात पाती पैनगंगेत पोहत होती. एकही सरळ नाही. अन् मले कोणाचाच राग नाही.

९ नोव्हेंबर

उद्धवराव माळवंवाले सुरी परत घेऊन आले. पत्ताकोबी तिरपी कापते म्हणे. चार लोकांत सुरी पुढं केली त्यायनं — लाज वाटली मले. मी स्वतः सरळ केलेली सुरी! म्हणजे पाणीच खराब, बाक परत येते.

त्यायच्यासमोरच पोरीले बोललो, "तुह्या हाताले लोखंड मानत नाही."

तिनं सांडशी खाली ठेवली. मंग घरात गेली.

११ नोव्हेंबर

ठरलं. हर्षाली मंचेरियलले मामाकडं जाईन, म्हणजे चंपतरावच्याच भांड्याच्या दुकानात बसन. पोरीची माय मथुरा जेवली नाही. तिचं म्हणणं, भट्टीवर जीव हाये पोरीचा, काऊन धाडता?

मले काय हौस हाये? एकच लेकरू हाये आमाले. माह्या मागं तिनंच भाता चालवावा, हे मी ती शाळेत होती तवापासून ठरवून ठेवलं होतं. कोणाले बोललो नाही कधी. आता ती गेली की माह्यासंगं भट्टी विझन. पण वाकडं पातं घरातून बाहेर जाऊ देऊ काय?

दुपारी एकटाच बसलो. निखाऱ्यावर राख अशी बसली, जशी सकाळी तुरीवर दव बसते. पोरीच्या हसण्याचा आवाज आल्यासारखा वाटला. ती तर शेजारी प्रीतीकडं गेली होती.

१२ नोव्हेंबर

आज पाणी मीच पाजलं. पातं उभं, सरळ तेलात सोडलं. तरी बाक! तिथंच, मधोमध.

हाताले वय झालं वाटते. पोरीले सांगितलं नाही. सांगाले पाह्यजे होतं.

१४ नोव्हेंबर

बस साडेआठची. मथुरा अंगणात पोरीची वेणी घालून राह्यली होती. चुलीचा धूर माह्या डाव्या डोळ्यात गेला, तळहातानं दाबून धरला. पोरीचा भांग वाकडा दिसला — मधोमध, बोटभर. मी म्हणलं, नीट काढ. मथुरा म्हणे, सरळ तर हाये.

हात काढला. सरळ. डावा डोळा मिटला, वाकडा. चारदा केलं.

बाक माह्या उजव्या डोळ्यात हाये. तिची पाती सगळी सरळ होती. वाकडी मी केली.

बस सुटाले पंधरा मिनिटं हायेत. उठतो, सांगतो पोरीले.