अठरा मिनिटांचं निरीक्षण

प्रिय लवंगी,

तुला या नावानं हाक मारणारी आता मी एकटीच उरले असेन. बाकी जगाची तू मॅडम झालीस. तू येणार अशी कुणकुण लागली की आमच्या शाळेत भिंतींवर तक्ते उगवतात, मुलांचे शर्ट आपोआप आत जातात आणि मुख्याध्यापक स्वतः हातानं खुर्ची पुसतात. एवढा दरारा मिळवायला माणसं सैन्यात जातात. तू इंग्रजी शिकवण्याचं पर्यवेक्षण करून मिळवलास, कौतुक आहे. हे पहिलं कौतुक. तुझ्या पद्धतीप्रमाणे आणखी एक करून मग सूचनेकडे वळायला हवं, पण दुसरं सुचत नाहीये, तेव्हा थेट मुद्द्यावर येते. गेल्या मंगळवारी तू धाकटीचा, म्हणजे आमच्या शाळेतल्या नव्या इंग्रजीच्या बाईचा, तास पाहिलास आणि एक पान भरून गेलीस. तिची दोन वर्षांची परिवीक्षा या महिन्यात संपते. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला सोमवारी समिती बसणार आहे. समितीतल्या तिघांनी तिला शिकवताना कधी पाहिलेलं नाही. त्यांच्यासमोर असेल ते फक्त तुझं पान, आणि त्या पानावर तू 'असमाधानकारक' लिहिलं आहेस.

त्या पानावरचा तुझा निरीक्षणाचा तक्ता मी काल पहिल्यांदा ओळीनं वाचला. अक्षर अजून सुरेख आहे तुझं. 'शिक्षिकेचं बोलणं : दोन मिनिटं. विद्यार्थ्यांचा तोंडी प्रतिसाद : शून्य. शिक्षिका तासभर खिडकीशी उभ्या. वर्गात शांतता.' अगं, तासभर कुठून आणलंस? तू दहा वाजून पाच मिनिटांनी आत गेलीस आणि तेवीसला बाहेर पडलीस. शिपायाच्या नोंदवहीत आहे. अठरा मिनिटं. तेवढ्यात आमच्या घरी वरणाचा कुकरसुद्धा होत नाही आणि तू एका बाईच्या दोन वर्षांचा निकाल लावलास. आणि शांतता हा गुन्हा कधीपासून झाला? एकतीस मुलं माना खाली घालून इंग्रजीत लिहीत होती. हाच तो वर्ग, ज्यानं गेल्या वर्षी तीन शिक्षकांना रजेवर पाठवलं, एकाला तर कायमच्या. त्या वर्गात पेन चालल्याचा आवाज ऐकू येत होता आणि तू तिथे बसून मुलं बोलत नाहीत म्हणून रकान्यात शून्य भरत होतीस! तुझ्या तक्त्यात बोलण्याला चार रकाने आहेत, फळ्याला दोन, हसतमुख चेहऱ्याला एक. विचार करण्याला एकही नाही. तो बनवणाऱ्याला बहुधा त्याची गरज पडली नसावी.

तू गेलीस त्यानंतर काय झालं ते ऐक. साडेदहाला धाकटीनं पेनं खाली ठेवायला सांगितली आणि कोण वाचणार म्हणून विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वर्षांत तिनं हजेरीला 'यस' म्हणण्यापलीकडे इंग्रजीत तोंड उघडलेलं नाही. तिनं आजोबांबद्दल लिहिलं होतं. त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलंय, ते त्यांना फार आवडतं, कारण आजी बोलायला लागली की ते बंद करता येतं. चुका ढीगभर होत्या, क्रियापदं वाटेल तिकडे पळत होती, पण पोरगी वाचत राहिली आणि वर्ग असा फुटला हसून की मी शेजारच्या वर्गातला माझा फळा सोडून बाहेर आले, म्हटलं भिंत पडली की काय. मग सात जणांनी वाचलं. एका मुलानं हात वर करून त्या मुलीला विचारलं, आजीला कळलं तर? ती म्हणाली, इंग्रजीत म्हणाली बरं का, आजीला कळलंय, म्हणून ती आता चिठ्ठ्या लिहिते. असला तोंडी प्रतिसाद तुझ्या हाताखालच्या बेचाळीस शाळांत कुठं ऐकलास का गं? पण तू तोवर गाडीत बसली होतीस. पुढच्या शाळेत साडेदहाची वेळ दिली होती ना.

तू अशी नव्हतीस, आणि हेच मला सर्वांत जास्त चावतं. मुळात मूर्ख असतीस तर मी हसून सोडून दिलं असतं, मूर्खांची मला सवय आहे, मी चोवीस वर्षं स्टाफरूममध्ये काढली आहेत. पण शेजारशेजारच्या वर्गांत आपण दोघींनी नोकरी सुरू केली तेव्हा माझा तास म्हणजे बाजार असायचा आणि तुझ्या वर्गातून चिडीचूप. मला वाटायचं, मारतेस की काय पोरांना. एकदा दाराच्या फटीतून पाहिलं तर मुलं लिहीत होती आणि तू खिडकीशी पाठमोरी उभी. नंतर मी विचारलं, अगं, पगार घेतेस आणि बाहेरची झाडं मोजतेस? तू म्हणालीस, 'मी डोक्यावर उभी राहिले की ती माझ्यासाठी लिहितात. मी लांब गेले की स्वतःसाठी लिहितात.' बावीस वर्षांची होतीस तू. लवंगीसारखी एवढीशी, आणि बोललीस ते थेट लागलं. दुसऱ्याच दिवसापासून मी तो तास उचलला, तुला न विचारता, आणि आजतागायत तो माझाच म्हणून मिरवते. धाकटीला तो मी शिकवला. अगदी शब्द न् शब्द. खिडकीशी जाऊन उभी राहा म्हणून मीच सांगितलं. तेव्हा तू परवा 'असमाधानकारक' लिहिलंस ते कुणाच्या तासाला, ते एकदा आरशात बघून मला कळव.

पर्यवेक्षक झालीस तेव्हा पहिली दोन वर्षं तू खरंच कामाची होतीस, हे मी माझ्या नवऱ्याजवळही कबूल केलं आहे. तेव्हा तुझ्याकडे सहा शाळा होत्या. पूर्ण तास बसायचीस, तोही मागे खुर्ची टाकून नाही, मुलांच्या बाकावर अंग चोरून. तास संपला की शिक्षकाला विचारायचीस, तुम्हाला काय वाटलं? आणि उत्तर येईपर्यंत थांबायचीस. माझ्या व्याकरणाच्या तासाबद्दल तू एकदा जे बोललीस त्यानं मी दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी तास बदलला. मग शाळा सहाच्या चौदा झाल्या, चौदाच्या बेचाळीस. तुला प्रशिक्षणाला पाठवलं आणि तिथून तू ते घेऊन आलीस, आधी दोन कौतुकं आणि मग एक सूचना. तेव्हापासून तू माणसाशी बोललेली मला आठवत नाही. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला आलीस, त्याला खोलीभर चालायला लावलंस आणि म्हणालीस, 'पाऊल छान पडतंय, चेहऱ्यावर आत्मविश्वास आहे, फक्त वळताना जरा सफाई हवी.' तू गेल्यावर तो बिचारा मला विचारत होता, मी पास आहे ना गं?

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. बेचाळीस शाळा, एक बाई, महिन्याला साठ तक्ते वर पाठवायचे, नाही पाठवले तर तुलाही कुणीतरी अठरा मिनिटं पाहतं आणि शेरा मारतं. खरं असेल. पण मग स्वच्छ लिहायचंस की पूर्ण तास पाहिला नाही. एक ओळ. धाकटी तुझ्या मागे जिन्यापर्यंत धावली होती. शिपायानं पाहिलं. 'मॅडम, पाच मिनिटं थांबता का, आता मुलं वाचणार आहेत.' तू घड्याळ बघितलंस आणि तिच्या खांद्यावर थाप मारून म्हणालीस, 'ऊर्जा वाढवा, ऊर्जा.' ती वर्गात परत गेली आणि तोंडावर काही न दाखवता पेनं खाली ठेवायला सांगितली. मला जमलं नसतं. मी डस्टर फेकून मारलं असतं, आणि माझा नेम तुला माहीत आहे.

आता हे सगळं मी फोनवर बोलू शकले असते. बोलले नाही, कारण फोनवर तू मध्येच माझं कौतुक केलं असतंस. लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं, आणि ते लिहायचं टाळत चार पानं तुला शिव्या घालत आले. नियमाप्रमाणे तास दोघांनी पाहायचा असतो, एक तू आणि एक शाळेतली त्या विषयाची जुनी शिक्षिका. म्हणजे मी. अकरा वर्षं झाली, तू एकटीच पाहतेस आणि मी स्टाफरूममध्ये वह्यांवरून नजर न उचलता तू बोट ठेवशील तिथे सही करते. 'ही तुझी जागा,' एवढंच म्हणतेस तू, आणि मी विचारते, चहा घेणार का. मंगळवारीही तास सुरू होण्याआधी, तक्ता कोरा असतानाच, तेच झालं. तुझ्या पानाखाली 'असमाधानकारक'च्या बरोबर खाली माझं नाव आहे, तारखेसह. काल धाकटी ते पान घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर मी तिच्यावर दुप्पट ओरडून मोकळी झाले असते. तिनं अगदी हळू विचारलं, 'ताई, तुम्ही कुठं बसला होतात? मला दिसलाच नाहीत. माझं काय चुकलं ते तुम्ही तरी सांगा.' लवंगी, मी ते पान तिच्या हातातून घेतलं आणि पहिल्यांदा वाचलं. आज सकाळी मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिलं की मी त्या वर्गात नव्हते आणि माझी सही काढून घेते आहे. ते म्हणाले, बाई, मग मागच्या अकरा वर्षांचं काय? मी म्हटलं, विचारलंत तर तेही सांगेन. मला नोटीस येईल, तुझी चौकशी लागेल, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. सोमवारी दहा वाजता समिती आहे. मी जाणार आहे. तू आधीच येऊन आपणहून सांगितलंस की पूर्ण तास पाहिला नव्हता, तर धाकटीचा तास पुन्हा पाहिला जाईल, आणि तू म्हणशील ते मी शेजारी बसून निमूट ऐकेन, आयुष्यात पहिल्यांदा. नाही आलीस तर दोघींच्या वतीनं मलाच बोलावं लागेल. आणि तुझी बाजू माझ्या तोंडून कशी निघते, ते तू आत्ताच चार पानं वाचलं आहेस.

भांडून दमलेली, तरीही तुझीच,
तक्त्यावरची दुसरी सही