उपासाला चालणारी मिश्री

एकादशी, संध्याकाळ

सकाळीच आईची मिश्रीची डबी लपवली. काल हडपसरच्या डॉक्टरांनी तिच्या तोंडातला मिश्रीनं पडलेला पांढरा चट्टा दाखवला, मग दुसरं काय करणार? आई एकादशीला पाण्याचा थेंबही घेत नाही, पण मिश्री चालते. "अरे, दात घासणं ते. पोटात कुठं जातं?" तीही तंबाखूच, फक्त भाजून कुटलेली. याला व्यसन म्हणायचं? बाबांची तंबाखू तर हिनंच सोडवली होती.

दुपारी आईचं डोकं ठणकायला लागलं, हात थरथरायला लागले. उपासामुळे असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग माझी लेक तिच्या मांडीवर बसायला गेली, तर आई खेकसली. नातीवर. आजवर कधी नाही.

शेवटी मीच डबी दिली. चुकलं का? कळत नाही. तिनं दातांवरून बोट फिरवलं, जरा वेळ डोळे मिटून बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चहा घेतलास का रे?"

आई परत आली. मग दिवसभर घरात होती ती कोण? का खरी तीच, आणि मी जन्मभर ओळखतो ती त्या डबीतली?