न सांगता बदललेलं व्हर्जन

३ नोव्हें., सोमवार, विंझर
सकाळी टीमचा नवा कोड घेतला आणि माझ्याकडचं सगळं ठप्प. ज्या टूलवर आमचा प्रोग्रॅम तयार होतो, त्याचं व्हर्जन कोणीतरी परस्पर बदललंय. नवं उतरवायला घेतलं, दोनदा मधेच तुटलं. मीटिंगमध्ये टीम लीड समीर सगळ्यांसमोर: "अगं, गावाकडचं नेट! मी आधीच म्हणत होतो." वर हेही, की पुन्हा काम अडलं तर डिसेंबरपासून रोज पुण्याला ऑफिसात. शुक्रवारी ग्राहकाला काम दाखवायचंय.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई धरल्याशिवाय उठत नाही, घरात आम्ही दोघीच. समीरला माहीत आहे. माहीत असून म्हणाला.

४, मंगळवार
स्कूटी काढून किकवीला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. हायवेच्या कडेला नेट पळतं. आईपाशी शेजारच्या कावेरीकाकूंना बसवलं. जेवायच्या आत येते म्हटलं होतं.

पाहिजे ते टूल दहा मिनिटांत आलं. पुढचा गाढवपणा माझा. विंझरला धड रेंजच नसते, म्हणून लॅपटॉपची आपोआप होणारी अपडेटं बंद करायची कधी गरजच पडली नव्हती. इथं नेट दिसल्याबरोबर वर्षभराची सगळी तुटून पडली. निळ्या पडद्यावर एकच, "बंद करू नका" म्हणे. अकराला बसले ती साडेतीनला सुटले. अक्का म्हणाली, "दोन घास खाऊन तरी घे." तिच्यावरही खेकसले.

घरी आले तर आई ओल्या अंथरुणात. काकूंना सांगायला लाज वाटली म्हणाली. चादरी आपटून आपटून धुतल्या. स्वतःचा राग, समीरचा राग, त्या निळ्या पडद्याचा.

५, बुधवार
चालू झालं एकदाचं. मग कोडचा इतिहास उघडला. कोणी बदललं, कधी? समीरनं. रविवारी दुपारी. खाली शेरा: "छोटा बदल."

छोटा!

नियम मी लिहिलेला, त्यानंच होकार दिलेला. काम दाखवायच्या आठवड्यात अपडेट नाही. आधी एकानं करून बघायचं. जुनं व्हर्जन ठेवायचं. सगळ्यांना सांगायचं. एक म्हणून पाळलं नाही पठ्ठ्यानं. आणि बोलणी खाल्ली मी.

पुण्यातल्या स्वप्नालीला फोन केला, ती आमच्याच टीममधली. "माझंही दोन तास बंद होतं गं. बोलले नाही." पुण्याचं नेट असून बंद! मग माझ्या नेटचा काय संबंध होता? हिला सोमवारी तोंड उघडायला काय झालं होतं...

६, गुरुवार
गुरुवार, म्हणजे लाईट नाही. बॅटरी पुरवून पुरवून काम केलं. आईला सगळं सांगितलं.

"भांडू नगंस. नोकरी हाय."
"मग गप बसू?"
"गप बस कुठं म्हनलं म्या? भांडू नगंस म्हनलं."

दिवसभर तेच डोक्यात. न भांडता बोलायचं कसं, मला येत नाही.

७, शुक्रवार
काम दाखवून झालं, ग्राहक खूश. तो गेल्यावर समीर म्हणतो, "आणखी एक नवं व्हर्जन आलंय, सगळ्यांनी आत्ताच घेऊन टाका."

मी म्हटलं, थांबा. आधी कोणी करून बघितलंय? आणि रविवारचा बदल कोणी केला, तेही बोलूया. आवाज चढला माझा. चढू दिला. स्वप्नालीनं कॅमेरा बंद केला. समीर अगदी शांतपणे: "आपण हे समोरासमोर बोलू. सोमवारी ऑफिसला ये." नवं व्हर्जन घ्यायचं की नाही, ते कोणी सांगितलंच नाही. मी घेतलं नाही.

आईला म्हटलं, सोमवारी पुण्याला बोलावलंय, दिवस जाईल. "जा की," म्हणाली. जेवताना बघते तर तिच्या पुढचा तांब्या भरलेला तसाच.

"पाणी का नाही प्यायलीस?"
"नगं. सोमवारपतुर कमी प्यायची सवय करती. तू न्हाईस, कुनाला सांगायचं सारखं सारखं?"

ओरडले तिच्यावर. समीरवर ओरडायचं राहिलेलं सगळं तिच्यावर. मग तांब्या तिच्या तोंडाला लावला. दोन घोट घेतले आणि हातानंच बास म्हणाली.