उलटी गुंडाळलेली पट्टी

चि. सोलेन हिस अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. तीन रॅकेटी, बूट, टॉवेल. हमाली सहा युरो. "टेनिस संपलं, सगळं चर्चच्या जत्रेत विकून टाक," असं तू लिहिलंस. उजवा खांदा गेला म्हणून तू निवृत्त झालीस, हे खरंच. पण एका रॅकेटच्या मुठीवरची पट्टी उलटी, डावखुऱ्यांसारखी गुंडाळलेली आहे, आणि चांगली झिजलीय! लहानपणी तुझ्या पट्ट्या मीच गुंडाळायचे. मला फसवतेस होय गं?

बाबा म्हणतात, "ओदील, पोरीला छळू नकोस. सांगायचं तेव्हा सांगेल." म्हणून हे पत्र बहुधा टपालपेटीत पडणार नाही. तरी विचारते. दोन रॅकेटी विकल्या, ती तिसरी मरियम मातेच्या मूर्तीमागे लपवलीय. परत पाठवू का? उलट टपाली कळव. डाव्या हाताने लिहिलंस तरी वाचेन.

तुझी आई