कुंकवाच्या डबीतलं प्रोटीन

२४ सप्टेंबर
संकल्प: आजपासून निकिताचा हेवा करायचा नाही. मुळात मी कुणाचा हेवा करतच नाही. पण लॅबमध्ये मला अकरा वर्षं झाली, ही सुरगाण्याची पोरगी आठ महिन्यांपूर्वी आली, आणि नव्या प्रोटीनचा प्रयोग सरांनी दिला कुणाला? तिला. जेवण गेलं नाही. डबा तसाच घरी.

२६ सप्टेंबर, दुपारी ३
प्रोटीन आलं. बर्फाच्या पेटीतून, जावयाच्या थाटात. माणसाच्या पेशीच्या अंगावर असतं ते, फक्त लॅबमध्ये बनवलेलं. दोन बाटल्या, करंगळीच्या पेराएवढ्या. निकिताने सूचनापत्रक तीनदा वाचलं. मी वाचलं नाही. अनुभव म्हणतात तो हाच. सर तिच्याशी वीस मिनिटं बोलले. माझ्याशी एकच वाक्य: एसी कमी करा.

२९ सप्टेंबर
एक बाटली तिने वापरली. ग्राफ सुंदर आला. सरांनी पेढे वाटले. मी खाल्ला नाही. (नंतर दोन खाल्ले.)
संध्याकाळी ती गावी गेली, भाताची कापणी म्हणे. जाताना सांगून गेली, दादा, दुसरी बाटली फ्रीझरात हे, सर बोलतील तुमच्याशी. काय बोलणार? राखण करा, हेच ना!
ठरलं. त्या बाटलीवर मीच प्रयोग करणार. तिच्यापेक्षा सुंदर ग्राफ. सर उद्या पुण्याला चाललेत, परत येतील तेव्हा थक्क होतील.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आमचे अटेंडंट मल्हारीमामा यांनी सकाळीच मशिनी पूजेला मांडल्या. सेंट्रीफ्यूजला झेंडूचा हार. बाटली उघडण्याआधी त्यात फिरवून घेतात, एवढं मलाही माहीत आहे. पण मामा म्हणाले, आज मशिनीला सुट्टी, हात लावू देनार नाय. नको तर नको. उघडली.
रिकामी! उजेडात धरली, उलटी करून टेबलावर आपटली. कणसुद्धा नाही.
इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता. कंपनीने बाईसाहेबांना चक्क गंडवलं! कंपनीला कडक मेल पाठवला, सरांना सीसी. बाटली नळाखाली धुतली. मामांना कुंकवाला डबी हवी होती, दिली.

३ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर: पन्नास मायक्रोग्रॅम डोळ्यांना दिसत नाही. आत पातळ थर असतो, तो तळाशी बसावा म्हणून बाटली आधी फिरवून मगच उघडावी. सूचनापत्रक, पहिली ओळ.
कंपनी उद्धट आहे.

६ ऑक्टोबर
सर आले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, दुसरी बाटली तुमच्यासाठीच मागवली होती. निकिता महिनाभर मागे लागली होती, दादांनाही त्यांचा स्वतःचा प्रयोग द्या म्हणून.
मामांकडून डबी मागून घेतली. बाहेरून कुंकू पुसलं. लेबलही मी तेव्हा वाचलं नव्हतं. त्यावर निकिताचं अक्षर: हर्षलदादा.
ती आजच परतली. नागलीच्या पापडांची दोन पुडकी आणलीत, एक सरांना, एक मला. कुणाचं मोठं ते लॅबच्या काट्यावर तोलून पाहिलं.
माझं मोठं निघालं. फार वाईट वाटलं.